मिरांडा, गोफर आणि पुण्यातली एक बोली

पुण्यात नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात टीम लीडने लांबूनच विचारलं, "बिल्ड झाला का?" मी म्हणालो, "व्हायलाय." शेजारच्या तीन खुर्च्या वळल्या. एकाने तो शब्द परत म्हणून दाखवला, मग दुसऱ्याने. पुढचा महिनाभर माझं नाव व्हायलाय होतं.

माझं गाव धाराशिव जिल्ह्यात, उमरगा तालुक्यात, पुणे-हैदराबाद हायवेपासून थोडं आत. आमच्याकडे लोक जेवायलेत, झोपायलेत, भांडायलेत. पुण्यात लोक जेवतायत, झोपतायत, भांडतायत. क्रिया तीच आणि काळही तोच. पण एका रूपाला भाषा म्हणतात आणि दुसऱ्याला बोली. मी दोन महिन्यांत ऑफिसपुरतं 'होतोय' शिकलो. आईशी फोनवर अजून 'व्हायलाय'च चालतं.

प्रोग्रामिंगच्या भाषांनाही बोली असतात, आणि त्यांना इंग्रजीत शब्दही तोच आहे, डायलेक्ट. हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेही मी स्वतः कुणाच्या तरी बोलीला नाक मुरडल्यानंतर.

झालं असं की २०२२ च्या सुमारास मी हॅस्केल शिकत होतो. सरावासाठी एक छोटी लायब्ररी लिहिली. आकडा द्यायचा, मराठी शब्द मिळतात. ऐकायला सोपं वाटतं, पण मराठीत शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा स्वतंत्र शब्द आहे. इंग्रजीत वीसच्या पुढे नियम लावता येतो. आपल्याकडे त्रेसष्ट, शहात्तर, नव्व्याण्णव सगळे एकेक करून लिहावे लागतात. मी यादी टाईप केली, वर लाख-कोटीचा हिशोब बांधला आणि कोड सगळ्यांसाठी खुला केला. वापरणारे असतील पाचसहा. सहा महिन्यांनी लातूर जिल्ह्यातल्या एका मुलीचा निरोप आला. ती लहान मुलांसाठी गणिताचं ॲप करत होती. 'सत्तावीस'च्या बरोबरीने 'वीस सात' असं म्हणायचा पर्याय टाकता येईल का, असं तिने विचारलं होतं.

आठवत असेल तुम्हाला. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ही पद्धत आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. व्हॉट्सॲपवर विनोद, चॅनलवर चर्चा, विधानसभेत टोले. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की सत्तावीस म्हणताना मूल सात आधी ऐकतं आणि लिहिताना दोन आधी लिहितं, त्यात त्याचा गोंधळ होतो. मी तेव्हा फायनल इयरला होतो आणि विनोद फॉरवर्ड करणाऱ्यांत होतो. खरं तर आमच्या तालुक्याला लागूनच कर्नाटक सुरू होतं. कन्नडमध्ये सत्तावीसला 'इप्पत्तेळु' म्हणतात, म्हणजे वीस सात. बाजारात लहानपणापासून कानावर पडलेला आकडा. पण विनोद फॉरवर्ड करताना तो काही आठवला नाही.

तर मी त्या मुलीला नकार दिला. नम्रपणे, इंग्रजीत, तीन ओळींत. लायब्ररी प्रमाण मराठीसाठी आहे, दोन पद्धती ठेवल्या तर वापरणाऱ्यांचा गोंधळ होईल, वगैरे.

त्यानंतर काही महिन्यांनी मी हॅस्केलचा इतिहास वाचायला बसलो आणि तिथे मला हाच नकार भेटला, मूळ आवृत्तीत.

त्याआधी दोन मिनिटं फंक्शनल प्रोग्रामिंगबद्दल. गावच्या पिठाच्या गिरणीत कधी दळण घेऊन गेला असाल तर अर्धं तुम्हाला आधीच माहीत आहे. गव्हाचा डबा खाली ठेवण्याआधी बाई विचारते, "आधी काय दळलं?" कारण आधी ज्वारी दळली असेल तर पहिलं मूठभर पीठ मिसळ येणार. गिरणीला मागचं दळण आठवतं. आपले नेहमीचे प्रोग्राम असेच असतात. मागच्या कामाचं काहीतरी आत राहिलेलं असतं आणि तेच पुढच्या उत्तरात मिसळतं. निम्मे बग इथले. फंक्शनल भाषा म्हणते, गिरणीला मागचं काही आठवताच कामा नये. गहू घातले की गव्हाचंच पीठ, आज घाला नाहीतर दिवाळीत. गणितातलं फंक्शन असंच असतं, म्हणून हे नाव.

१९८५ मध्ये इंग्लंडमधल्या केंट विद्यापीठातल्या डेव्हिड टर्नर यांनी अशी एक देखणी भाषा केली. नाव मिरांडा. (थंड पेयाचं नाव मिरिंडा आहे, मीही आधी तसंच वाचलं होतं.) तिची समीकरणं वहीत लिहिल्यासारखी दिसायची. विद्यापीठांनी ती उचलली. पण मिरांडा टर्नर यांच्या रिसर्च सॉफ्टवेअर लिमिटेड या कंपनीची होती. लायसन्स घ्यायचं आणि वापरायची. आत हात घालून बदलायची आणि बदललेली पुढे वाटायची, हे चालणार नव्हतं.

त्याच काळात जगभरातल्या प्रयोगशाळांत मिरांडाच्या वळणाच्या डझनभराहून जास्त भाषा तयार झाल्या होत्या. प्रत्येकीची लिहिण्याची रीत वेगळी. एकीत लिहिलेलं दुसरीत चालायचं नाही. सप्टेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडला या विषयाची परिषद भरली, तिथे काही जणांनी ठरवलं की सगळ्यांची मिळून एक भाषा करू. शून्यापासून कशाला करायची? मिरांडा तयार आहे, तीच पायाला घेऊ. टर्नर यांना विचारलं. त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं. समितीला अशी भाषा हवी होती जिच्यात कुणीही प्रयोग करावेत, तिला फाटे फोडावेत. टर्नर यांना मिरांडाच्या बोली व्हायला नको होत्या. एका ठिकाणी लिहिलेला मिरांडाचा प्रोग्राम दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा चालला पाहिजे, ही त्यांची अट.

आणि हा हट्ट मूर्खपणाचा नव्हता, हे सांगायला हवं. मी कोड लिहितो तो माझ्या लॅपटॉपवर चालतो आणि सर्व्हरवर पडतो, या एका गोष्टीपायी माझ्या आयुष्यातल्या किती रात्री गेल्या त्याचा हिशोब मी ठेवलेला नाही. सगळीकडे एकच भाषा असणं ही फार मोठी सोय आहे. प्रमाण मराठी नसती तर माझा हा लेख गडहिंग्लजच्या वाचकाला तरी किती कळला असता?

समितीने मग स्वतःची भाषा केली. हॅस्केल करी या तर्कशास्त्रज्ञाचं नाव तिला दिलं. करी १९८२ मध्येच वारले होते, म्हणून त्यांच्या पत्नीची परवानगी घ्यायला दोघे जण घरी गेले. निघताना बाई म्हणाल्या की त्यांना स्वतःला हॅस्केल हे नाव कधीच आवडलं नव्हतं. तोवर उशीर झाला होता. भाषेचा पहिला अहवाल १ एप्रिल १९९० रोजी निघाला, आणि हो, तारीख तीच. त्याच्या सुरुवातीला उद्दिष्टं दिली आहेत. भाषा सर्वांना मोकळेपणाने मिळावी, तिच्या आधारे कुणालाही पुढचं संशोधन करता यावं, आणि फंक्शनल भाषांमधली अनावश्यक विविधता कमी व्हावी. पहिली दोन आणि शेवटचं एकमेकांच्या पायात पाय घालतात हे मला पहिल्या वाचनात दिसलं नव्हतं. मोकळी दिली की लोक बदलणार, आणि बदलली की विविधता वाढणार.

वाढलीच. वर्षभरात.

मार्क जोन्स नावाचा ऑक्सफर्डचा विद्यार्थी पीएचडी करत होता. त्याला हॅस्केलच्या टाईप पद्धतीत काही वेगळं करून बघायचं होतं. त्याने स्वतःचा इंटरप्रिटर लिहिला आणि १९९१ मध्ये सगळ्यांना देऊन टाकला, सोर्स कोडसकट. नाव गोफर. अधिकृत हॅस्केलच्या तेव्हाच्या आवृत्त्यांना महागडी वर्कस्टेशन लागायची. गोफर साध्या डॉसच्या पीसीवर चालायचा. ही बाब तळटीपेसारखी वाटते, पण कॉम्प्युटर लॅब म्हणजे काय हे भारतात शिकलेल्या कुणालाही विचारा. जे लॅबमधल्या मशीनवर चालतं तेच शिकवलं जातं. मी स्वतः २०१५ मध्ये धाराशिवला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला टर्बो सी वापरलं आहे, निळ्या स्क्रीनवर, कारण जुन्या मशीनवर तेच चालायचं आणि जर्नलमध्ये त्याचेच प्रिंटआऊट लागायचे.

गोफर हॅस्केल नव्हता. हॅस्केलची बोली होता. नव्वद टक्के तेच, दहा टक्के जोन्सच्या मनचं. त्या दहा टक्क्यांत एक कल्पना होती, कन्स्ट्रक्टर क्लासेस. सोपं करून सांगायचं तर यादी असो, झाड असो, रिकामा असू शकणारा डबा असो, भांडं कुठलंही असलं तरी आतल्या प्रत्येक वस्तूवर एकच क्रिया एकाच नावाने करता यावी, अशी सोय. प्रमाण हॅस्केलमध्ये ती नव्हती. १९९६ च्या आवृत्तीत समितीने ती घेतली. आज हॅस्केलचं नाव काढलं की लोक घाबरून ज्या मोनाडचा उल्लेख करतात, तो आजच्या रूपात या कल्पनेवर उभा आहे. प्रमाण भाषेने बोलीकडून शब्द उचलला आणि आता तो प्रमाण आहे. जोन्सचा गोफर पुढे हग्ज झाला, म्हणजे हॅस्केल वापरणाऱ्यांचा गोफर. तो १९९५ च्या व्हॅलेंटाईन डेला प्रसिद्ध केला, इंग्रजीत नावाचा अर्थ मिठी होतो म्हणून. प्रोग्रामरांचे विनोद तेव्हाही असेच होते.

आता पुणे. हा भाग वाचताना मी बालेवाडीतल्या माझ्या फ्लॅटवर होतो आणि विद्यापीठाचं गेट तिथून गाडीवर पंधरावीस मिनिटांवर, ट्रॅफिक नसेल तर.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात रुस्तम मोदी नावाचे शिक्षक होते. १९९१ मध्ये एसीएम या अमेरिकी संस्थेच्या संगणकशिक्षणावरच्या बुलेटिनमध्ये त्यांचा एक लेख आला, आर. पी. मोदी या नावाने. विषय होता सी भाषा आणि शिक्षण. पहिली भाषा म्हणून सी शिकवणं चुकीचं आहे, असं त्यांचं म्हणणं. मेमरी, पॉइंटर, सेमीकोलन यांच्यात विद्यार्थी अडकतो आणि विचार कसा करायचा ते राहून जातं. त्यांनी शिकवायला गोफर घेतला. आणि घेतला तसा वापरला नाही, बदलला. त्या बदललेल्या गोफरचं नाव पुगोफर. त्यातला पु म्हणजे पुणे विद्यापीठ.

काय बदललं? एक उदाहरण पुरे. शाळेत आपण लिहितो दुप्पट(क), म्हणजे क ला दुप्पट हे फंक्शन लावलं. हॅस्केल आणि गोफरमध्ये कंस नसतात, मध्ये फक्त मोकळी जागा: दुप्पट क. सरावलेल्या माणसाला हे छान वाटतं. नवख्याला मात्र फंक्शन लावण्याची क्रिया, म्हणजे या भाषेतली सगळ्यात महत्त्वाची क्रिया, डोळ्यांना दिसतच नाही. बेरजेला चिन्ह आहे, गुणाकाराला आहे, आणि जिच्यावर सगळा डोलारा उभा आहे तिला काहीच नाही. पुगोफरमध्ये तिला टिंब मिळालं: दुप्पट.क. ही रीत डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा आपल्या टिपणांत वापरायचे. (त्यांची टिपणं हाही वाटून घेण्याचाच इतिहास आहे. शाईच्या पेनाने लिहिलेली तेराशेहून अधिक टिपणं. ते मोजक्या लोकांना पोस्टाने प्रती पाठवायचे आणि ते लोक झेरॉक्स काढून पुढे वाटायचे.) गंमत अशी की हॅस्केल आणि गोफरमध्ये टिंबाला आधीच दुसरं काम होतं, दोन फंक्शनं एकमेकांना जोडण्याचं. म्हणजे हा बदल वरवरचा रंग नव्हता. आधी घरात राहणाऱ्याला बाहेर काढून नवा भाडेकरू ठेवायचा होता, आणि त्यासाठी इंटरप्रिटरच्या पोटात हात घालावा लागतो. तो इंटरप्रिटर सीमध्ये लिहिलेला. पोरांना सी शिकवू नका म्हणणाऱ्या मास्तरांना पोरांसाठी सीमध्येच काम करावं लागलं, हे मला फार आवडलं.

मिरांडाच्या बाबतीत हे शक्यच नव्हतं. पुण्यातल्या एका शिक्षकाला वाटलं की माझ्या वर्गातल्या पोरांना हे चिन्ह दिसायला हवं, आणि त्याने परवानगी न मागता ते दिसेल असं केलं. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याच्याही आधीच्या दिवसांतली ही गोष्ट आहे. गिटहब नाही, पुल रिक्वेस्ट नाही, पॅकेज मॅनेजर नाही. हॅस्केलच्या लायब्रऱ्यांचं सामायिक कोठार, हॅकेज, सुरू झालं २००७ मध्ये. ओपन सोर्स हा शब्दसुद्धा १९९८ चा आहे.

मग त्या बोलीचं पुढे काय झालं? इथे टर्नर यांचं म्हणणं खरं ठरतं. जोन्सची बोली प्रमाण भाषेत मिसळली. पुण्याची मिसळली नाही. पुगोफरमध्ये लिहिलेला प्रोग्राम हॅस्केलमध्ये चालत नाही. टिंब शिकलेल्या विद्यार्थ्याला बाहेरच्या जगात गेल्यावर टिंब विसरावं लागणार, जसं मला 'व्हायलाय' विसरावं लागलं. पुगोफर आज गिटहबवर आहे, मी तो उतरवून घेतला. त्यातल्या प्रील्यूडमध्ये, म्हणजे भाषेबरोबर येणाऱ्या मूळ फंक्शनांच्या फाईलमध्ये, ओळीओळीत ती टिंबं आहेत. रात्री अकराला मी ती फाईल मोबाईलवर वाचत होतो. नेहमीची ओळखीची फंक्शनं, मॅप आणि फोल्डर, दुसऱ्या गावच्या उच्चारात. आपल्या शहरात, आपल्याच क्षेत्रात कुणीतरी तीस वर्षांपूर्वी अशी भाषा बोलत होतं आणि आठ सेमिस्टरांत एकाही वर्गात त्याचा उल्लेख निघाला नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं. आम्हाला इतिहास म्हणून जे शिकवलं त्यात बॅबेज होता आणि मग एकदम बिल गेट्स.

पुण्यात नंतरही फंक्शनल भाषा आल्या, वेगळ्या वाटेने. हेल्पशिफ्टसारख्या कंपनीने क्लोजर या लिस्प घराण्यातल्या भाषेवर आपलं उत्पादन उभं केलं, २०२० मध्ये क्लोजरची भारतीय परिषदही पुण्यात झाली. क्लोजरचा कर्ता रिच हिकी हा माणूस या गोष्टीत आणायला हवा, कारण तो टर्नर यांच्याइतकाच हट्टी आहे. भाषेत काय घ्यायचं ते तो ठरवतो. २०१८ मध्ये लोकांनी फार कुरकुर केली तेव्हा त्याने एक टिपण लिहून सांगितलं की ओपन सोर्स म्हणजे तुम्हाला मिळालेलं लायसन्स, माझ्या वेळेवरचा हक्क नव्हे. मला आधी हे उद्धट वाटलं. पण हिकी आणि टर्नर यांच्यात एक फरक आहे. हिकी नाही म्हणतो, पण दाराला कुलूप लावत नाही. पटत नसेल तर कोड उचला आणि आपली वेगळी चूल मांडा. टर्नर यांनी १९८७ मध्ये नाही म्हटलं तेव्हा समितीला कोड उचलता येत नव्हता, म्हणून नवी भाषा करावी लागली. मिरांडाचा सोर्स कोड शेवटी २०२० मध्ये खुला झाला. टर्नर २०२३ मध्ये गेले. मधल्या काळात तिची जागा तिच्याच वळणाच्या हॅस्केलने घेतली होती.

हे सगळं वाचून झाल्यावर मला ती मुलगी आठवली. मी तिला हिकीसारखा नाही म्हणालो होतो असं मला वाटत होतं. लायसन्स खुलं होतं, कुलूप नव्हतं. बघितलं तर तिने खरंच माझी लायब्ररी उचलली होती. स्वतःची प्रत केली होती, त्यात 'वीस सात' टाकलं होतं आणि माझ्याशी एका शब्दाने न भांडता पुढे गेली होती. माझ्या प्रतीपेक्षा तिची जास्त लोक वापरत होते. जास्त म्हणजे चाळीसेक, पण माझे पाचसहाच होते.

मी तिचे बदल एकेक करून वाचले. पहिला 'वीस सात'चा. दुसरा बदल बघून मी खुर्चीत सरळ बसलो. माझ्या यादीत ७९ ला एकोणऐंशी होतं, बरोबर. आणि ८९ लाही एकोणऐंशी होतं. कॉपी-पेस्ट केलं आणि नव्वद करायचं राहिलं. वर्षभर माझी लायब्ररी प्रत्येक एकोणनव्वदला दहा रुपयांनी गंडवत होती. हॅस्केलची टाईप पद्धत किती कडक आहे यावर मी ऑफिसात दोनदा प्रेझेंटेशन दिलं होतं. तिला दोन्ही अक्षरमाळाच दिसतात, तिने का अडवावं? दुसरीतल्या एखाद्या मुलाने बहुतेक तिच्या ॲपवर हे पकडलं असावं.

तिने ती चूक दुरुस्त करून स्वतःकडे ठेवली होती, मला पाठवली नव्हती. माझा तीन ओळींचा इंग्रजी नकार वाचल्यावर मीही पाठवली नसती.

मी तिला मराठीत लिहिलं. दुरुस्ती घेऊ का विचारलं, 'वीस सात'ही घेऊ का विचारलं, आणि आधीच्या उत्तराबद्दल माफी मागितली. दोन दिवस काहीच आलं नाही. मग एक ओळ आली: "घ्या की. पंच्याहत्तर आणि पंचाहत्तर दोन्ही चालेल असंपण करायलेय, उद्या टाकते."